‘लोवेल’ आडनावाच्या नोंदी करताना

अमेरिकी कवी लोवेल यांच्यावर आपण टिपण लिहायला घेतले आहे, हे उत्तमच. मात्र नुसत्या आडनावावर विसंबू नये, कारण मॅसॅच्युसेट्समधील या एकाच घराण्यात जेम्स रसेल (१८१९–१८९१), एमी (१८७४–१९२५) आणि रॉबर्ट (१९१७–१९७७) असे तीन नामांकित कवी होऊन गेले. पूर्ण नाव आणि जन्मवर्ष टिपल्याखेरीज कोणतीही नोंद पक्की मानू नका. पुलित्झर पारितोषिकाबाबत तर हमखास गफलत होते (माझीही झाली होती): एमी यांना ते १९२६ मध्ये, म्हणजे निधनानंतर मिळाले, तर रॉबर्ट यांना १९४७ आणि १९७४ असे दोनदा. प्लूटोचा शोध जिथे लागला ती ॲरिझोनातील वेधशाळा एमींचे बंधू पर्सिव्हल यांची, आणि लोवेल हे कापडगिरण्यांचे शहर फ्रान्सिस कॅबट लोवेल यांच्या नावाचे. ही माहिती कवींच्या चरित्रात मिसळू देऊ नये. १६३९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या मूळ पुरुषाच्या आडनावाचे इंग्रजी वर्णलेखन आजच्यापेक्षा निराळे होते, त्यामुळे जुन्या दप्तरांत शोध घेताना दोन्ही रूपे तपासावीत.