वाचकांचे प्रश्न : डुगडुगणारा बाक

प्रश्न : गेल्या श्रावणात मी सागवानी बाक घरीच तयार केला. पायांना आडवे दांडे फेव्हिकॉल लावून व खिळे ठोकून जोडले. मे महिन्यात सगळे सांधे डुगडुगू लागले. आणखी खिळे मारावेत काय? मच्छरजाळीच्या चौकटीलाही हाच सांधा चालेल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आणखी खिळे मारू नयेत; त्यांनी लाकूड चिरेल आणि सांधा ढिलाच राहील. श्रावणातील ओलाव्याने फुगलेले लाकूड खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात आकसते, तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत आणि जाडीत. शिवाय दांड्याचे कापलेले टोक गोंद शोषून घेते आणि त्या टोकात, तंतूंच्या दिशेने शिरलेल्या खिळ्याची पकड मुळातच कमी असते.

यावर जुना उपाय म्हणजे खोबण आणि कुसू, म्हणजे पायात कोरलेला खड्डा आणि त्यात बसणारी, दांड्याच्या टोकाला तासून काढलेली जीभ. कुसवाची जाडी दांड्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. दांडा ४५ मिमी असेल तर कुसू १५ मिमी. खोबण कुसवाच्या लांबीपेक्षा दोनेक मिमी खोल असावी, म्हणजे जादा गोंदाला जागा मिळते. कुसू हाताच्या दाबाने अर्धा आणि मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसावा. घण घालावा लागत असेल तर पटाशीचे (लाकूड तासण्याच्या छिन्नीचे) काम अपुरे आहे असे समजावे. नंतर आरपार भोक पाडून बांबूची खुंटी ठोकावी. कुसवातील भोक वेगळे, त्याच्या खांद्याकडे (कुसू जेथून सुरू होतो त्या कडेकडे) एक मिमी सरकवून पाडले, तर खुंटीच सांधा ओढून घट्ट धरते. बैलगाडीच्या चाकातील आरे तुंब्यात (मधल्या ठोकळ्यात) आणि पाट्यांत (घेराच्या लाकडांत) कुसवांनीच बसवतात, आणि गरम करून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना ते सारे आवळते. तेथे गोंदाचा थेंबही नसतो.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. तयार दांड्यांच्या टोकांतूनच कुसू काढल्यास बाक तेवढा आखूड होईल. ते नको असेल तर खिळे काढून (राहिलेला एक खिळाही पटाशीची धार घालवतो), जुना गोंद पूर्ण खरवडून प्रत्येक सांध्यात, दोन्ही लाकडांत समोरासमोर पाडलेल्या भोकांत, दोन लाकडी खुंट्या बसवाव्यात. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळून चोवीस तास बाकावर कोणी बसू नये.

मच्छरजाळीच्या चौकटीला अर्ध्या जाडीचा सांधा पुरे. दोन्ही पट्ट्यांची टोके निम्मी तासून एकमेकांवर बसवावीत. गोंदाला रुंद पृष्ठभाग मिळतो. कोपरा गुण्याने (काटकोन तपासण्याच्या साधनाने) तपासल्यावरच आवळावा.