निवड चाचणीआधी दोन कागद मागा

इंग्लंडमधल्या स्लाऊहून उदगीरच्या एका लेकीचं पत्र आलंय. त्या लिहितात, ‘मुलाला नुकतं अकरा पूर्ण झालं, ऑगस्टअखेरचा जन्म. काउंटीच्या बारा वर्षांखालील क्रिकेट संघाच्या चाचणीत घेतलं नाही. “अजून अंगानं कमी पडतो” एवढंच कळलं. घेतलं असतं तर वर्षाला किती खर्च आला असता, हेही विचारायची हिंमत झाली नाही. लोकांना वाटायचं, यांच्याकडं पैसे नाहीत. मिस्टर खासगी कोच लावू म्हणतात, तासाला चाळीस पौंड. सासूबाई म्हणतात, पुरे आता, अभ्यासाला बसवा. शिवाय लेकरू मराठी बोलायचा कंटाळा करतं.’

ताई, मुलगा नाकारला गेला याचं वाईट वाटणारच. पण रागही येतोय तुमचा. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी चार गाडे फिरणारी आपली माणसं क्लबच्या दारात गेली की मुकी का होतात? ‘साहेबांना काय विचारायचं’ ही खोड आपण तहसील कचेरीतून उचलून थेट विमानात घालून आणली. तिकडं विचारणाऱ्या आईबापांना कुणी भांडखोर समजत नाही. न विचारणाऱ्यांचीच पोरं मागं राहतात.

आधी जन्मतारखेचं बघा. आपल्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाची तारीख १ जून टाकली, म्हणून आपल्याला तारखेचं महत्त्व वाटत नाही. इंग्लंडच्या मुलांच्या क्रिकेटमध्ये वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. तुमच्या लेकराबरोबर त्याच गटात सप्टेंबरात जन्मलेला मुलगा खेळतो, म्हणजे जवळजवळ वर्षानं मोठा. अकराव्या वर्षी ते अंतर उंचीत दिसतं, चेंडूच्या वेगात दिसतं, आणि निवडणाऱ्याला तेच गुणवत्ता वाटतं. कॅनडात रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बर्फावरच्या हॉकीत हेच दाखवलं : तिथं वर्ष १ जानेवारीला बदलतं, आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. आपल्या कबड्डीला हे कधीच कळलंय, म्हणून तिथं वयाबरोबर वजनही बघतात. किशोर गटात ठरलेल्या वजनाच्या वरचं पोरगं चालत नाही. क्रिकेटमध्ये काटा नाही, त्यामुळं डोळे उघडे ठेवावे लागतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये फुटबॉलमध्ये एक साधा उपाय तपासला : जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमानं द्यायचे आणि ते निवडणाऱ्यांना सांगायचं. मोठ्या पोरांकडं झुकणारं पारडं त्यानं सावरलं. चाचणीत हे करायला एक पैसा लागत नाही. आमच्या घरातलं लेकरूही ऑगस्टचंच, त्यामुळं हे मला पाठ आहे.

आता पहिला कागद, निवडीचा. चाचणीच्या सहा आठवडे आधी पाथवे मॅनेजरला, म्हणजे काउंटीच्या मुलांच्या संघांचं काम बघणाऱ्याला, मेल टाका आणि एवढंच विचारा : निवडणारे किती जण, कुणाचं मूल किंवा कुणाचा शिकवणीचा विद्यार्थी चाचणीत आहे का, असेल तर तो निवडणारा त्या मुलापुरता बाजूला बसतो का, गुण कशाला किती, किती दिवस बघणार, जन्ममहिन्याचा विचार होतो का. शेवटी, नकाराचं कारण लेखी मिळेल का. चाचणी एकाच संध्याकाळी उरकली की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा : यादीत शेवटी असलेल्या पोराच्या वाट्याला अंधारून आल्यावर आठ चेंडू येतात, तेही दमलेल्या गोलंदाजाचे. माझ्या मते दोन वेगळे दिवस, फलंदाजाला निदान २४ चेंडू, त्यात वेगवान आणि फिरकी दोन्ही, आणि एकमेकांना न विचारता गुण लिहिणारे दोघे, एवढं तरी हवंच. नुसत्या गोलंदाजीच्या मशीनवरचे चेंडू धरू नयेत. मशीन वेग दाखवते, पोराची समज दाखवत नाही.

‘अंगानं कमी पडतो’ हे कारणच नाही. दोन आठवड्यांत लिहा, ‘पुढच्या वर्षीपर्यंत कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्या ते कळवा.’ निकालावर वाद घालू नका. आणि ही तक्रार क्लबच्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याकडं नेऊ नका. त्यांचं काम मुलांची सुरक्षितता. निवडीचं पत्र तिथं नुसतं पडून राहतं.

दुसरा कागद खर्चाचा, आणि इथं लाजायचं काहीच कारण नाही. चाचणीची फी, हिवाळ्यातला नेटमधला सराव, संघाचा पोशाख, सामन्याची वर्गणी, दौरा, पेट्रोल : प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा आणि शेवटी बेरीज. आईबापांना बुडवतं ते पेट्रोल आणि दौरा. फीच्या पत्रकात दोन्ही बहुधा नसतात. एका आठवड्यात तीन फेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन ६० मैल, म्हणजे १८०. वीस आठवड्यांचे ३,६०० मैल झाले. त्याच ओळीत विचारा : फी हप्त्यानं चालते का, खर्चात सवलत आहे का, अर्ज गुप्त राहतो का. २०२३ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या समतेबद्दलच्या स्वतंत्र आयोगानं शिफारस केली होती की काउंटीचा हा सगळा मार्ग मुलांना थेट खर्चाविना मिळावा. तेव्हा सवलत मागताना तुम्ही भीक मागत नाही आहात.

साहित्यात वाचवा, पण कुठं ते बघून. पॅड, ग्लोव्ह्ज, बॅट जुने चालतील. हेल्मेट मात्र नवंच. आतली चीर बाहेरून दिसत नाही. आणि ‘वाढत्या अंगाला’ म्हणून दोन नंबर मोठी बॅट घेऊ नका, कृपा करून! दिवाळीचा शर्ट मोठा चालतो. जड बॅटनं लेकरू उशिरा खेळतं, खालचा हात जोर लावतो, आणि निवडणारा लिहितो, ‘तंत्र कच्चं’.

मिस्टरांना सांगा, निवड समितीतल्याच कोचची शिकवणी लावायची नाही. पोरगा पुढं निवडला गेला तरी लोक त्याच्याकडं बोट दाखवतील. दुसरा कोणी असेल तर महिन्यात दोन तास पुष्कळ. सासूबाईंचं म्हणणं परीक्षेच्या महिन्यापुरतं ऐका. मराठीचं म्हणाल, तर रविवारी आजोबांना फोनवर मॅचचं वर्णन करायला लावा, बाकी पुन्हा कधी.

पुढच्या मोसमाच्या चाचण्या बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात असतील. मेल जुलैअखेरीस जायला हवा. ऑगस्टात अर्धी माणसं सुट्टीवर असतात.