बाबांचा मेडिक्लेम बंद करून औषधं आणावीत का?

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी जुनं. मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला ४२,००० रुपये, औषधं महिन्याला ६,२०० ची. नऊ वर्षांत एकही क्लेम नाही आणि रोजच्या गोळ्यांचे पैसे कंपनी देत नाही. पॉलिसी नसेल तर औषधांच्या खर्चावर करसवलत मिळते म्हणे. मग बंद करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नका करू. करसवलतीचं ऐकलंत ते खरं आहे. ज्येष्ठ नागरिकाचा विमा नसेल तर त्याच्या उपचारखर्चावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. तीही जुन्या कररचनेत आणि पैसे रोखीने दिलेले नसतील तरच. पण तुमच्या ४२,००० च्या हप्त्यालाही याच मर्यादेत वजावट मिळतेच. म्हणजे जास्तीचे मिळाले ८,०००. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले सोळाशे-सतराशे रुपये. एवढ्यासाठी नऊ वर्षं जपलेली पॉलिसी सोडायची? जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्यांवर क्लेम मिळत नाही तो, तिच्यात कधीच संपलाय. पाच वर्षं सलग झाल्यामुळे फसवणूक सोडली तर ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेमही अडवता येत नाही. उद्या नवी घ्यायला गेलात तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि मधुमेह पाहून हप्ता वाढणार तो वेगळाच.

खरी गळती औषधांच्या बिलात आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी अजून मूळ कंपनीचीच दिसते, ६० रुपयांची, महिन्याला १,८००. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि त्याच महिन्यात भारतीय कंपन्यांच्या गोळ्या साधारण पाच ते पंधरा रुपयांत बाजारात आल्या. दहाची धरली तरी महिना तीनशे. डॉक्टरांची चिठ्ठी जुनीच पुढे चालू राहते, कोणी विचारत नाही, एवढंच.

बीपी, कोलेस्टेरॉल वगैरेंचे २,५०० उरतात. त्यातली बरीचशी औषधं जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी दरात मिळतात. मी १,२५० धरतो. इन्सुलिनच्या १,९०० ला हात लावू नका. नवी बेरीज महिन्याला ३,४५०, म्हणजे वर्षाला ३३,००० वाचले. हप्त्याचा मोठा भाग इथेच निघाला.

मात्र बदल डॉक्टरांना विचारूनच, आणि चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे) व मिलिग्रॅम लिहून घ्या. जनऔषधीत दोन औषधांची एकत्र गोळी प्रत्येक वेळी असेलच असं नाही. आठवडाभराचा साठा हाताशी ठेवा. आणखी एक, घरचा अनुभव : पाकीट बदललं की म्हातारी माणसं जुनी आणि नवी दोन्ही गोळ्या घेतात. जुनी पाकिटं त्याच दिवशी घरातून काढा.

सत्तरीनंतर आयुष्मान भारत या सरकारी योजनेच्या वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतील, पण तेही रुग्णालयात भरती झाल्यावरच. आणि त्याला अजून तीन वर्षं आहेत. तोवर हप्ता फारच जड वाटला तर कंपनीला विचारा, रुग्णालयाच्या बिलातले सुरुवातीचे पन्नास हजार तुम्ही भरायचं ठरवलं तर हप्ता किती उतरतो. दुसऱ्या कंपनीत पॉलिसी न्यायची असेल तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी लागतो. तुमची तारीख पुढच्याच महिन्यात आहे, त्यामुळे यंदा ते जमणार नाही. यंदाचा हप्ता भरा आणि या आठवड्यात चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा.