मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती आहे? जाताना आणि येताना विमानाला वेगवेगळा वेळ का लागतो?

अंतर सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमान जाताना पंधरा-सोळा तास घेतं, येताना चौदा-साडेचौदा.

आता ही ‘सरळ रेषा’ भिंतीवरच्या नकाशात शोधू नका, फसाल. मी नातवाच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत लोकरीचा धागा ताणून पाहिला. धागा अरबस्तानाकडे न वळता तडक वायव्येला निघाला, रशियावरून आइसलंडला गेला आणि ग्रीनलंडचं टोक घासून खाली उतरला. मुंबई १९ अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ च्या आत, आणि जवळची वाट मात्र ६४ च्याही वर! खरं विमान अगदी धाग्यावरून जात नाही. वारा आणि कोणाचं आकाश उघडं आहे, यावर वाट ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. हा धागा तर मुंबई सोडल्यावर लगेच सिंधवरून जातो. मग आलाच वळसा.

वेळेतला फरक वाऱ्यामुळे. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरने उडतं, पण समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीवरून ८०० च पुढे सरकतं. येताना तोच वारा पाठीशी. परतताना समोरच्या स्क्रीनवर मी १,०४० चा आकडा पाहिला आणि झोपलेल्या बायकोला उठवून दाखवला. तिला काही कौतुक वाटलं नाही.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम ४००-५०० किलोमीटरने वाढतं. खरा वेळ खातो तो मधला मुक्काम. गुडघे दुखत असतील तर मी म्हणेन तोच बरा, पाय मोकळे होतात.

तिकिटावरच्या वेळा वजा करून तास काढू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मे महिन्यात रात्री १ ला निघून सोळा तास उडालात तरी तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. येताना उलट, तारीखच बदलते आणि वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ छापतात. आमच्या भाच्याला तो दिसला नाही. तो एक दिवस आधीच गाडी घेऊन विमानतळावर हजर! सकाळी अकराला त्याचा फोन आला, “मामा, कुठल्या गेटने बाहेर येताय?” तेव्हा न्यूजर्सीत रात्रीचा दीड वाजला होता आणि आमच्या बॅगा अजून भरायच्या होत्या.