मोटारीवरचं यंत्र आणि घरावरचं कर्ज

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. वय 42. वीजबिल महिना 40 हजार. मागाच्या मोटारीला जोडून वाया जाणाऱ्या शक्तीची परत वीज करणारं यंत्र 3 लाखांना मिळतंय, 30 टक्के बचत सांगतात. वर्षाला 50 हजार हप्त्याची विमा पॉलिसी (मुदत 20 वर्षं, विमा 10 लाख, तीन हप्ते भरले) मोडून आणि उरलेल्या पैशासाठी सोनं तारण ठेवून घेऊ का? घरावर काढलेलं 14 लाखांचं कर्ज चालू आहे. घरी आई, बायको, दोन मुलं.

उत्तर: घेऊ नका. महिना 12 हजार वाचले तर 25 महिन्यांत पैसे वसूल, हे फक्त विक्रेत्याच्या कागदावर. मोटार मागाला लागेल तेवढीच वीज ओढते. तिच्यावर जनित्र लावलं की ते फिरवायचा भारही तिच्यावरच. मोटार 90 टक्के, जनित्र 80 टक्के कार्यक्षम धरा: 100 युनिट जादा जाळून 72 परत. लोकलगाडी ब्रेक लावताना वीज परत देते, कारण तिथे गाडी थांबवायचीच असते. तुमचा माग दिवसभर चालवायचाय. बिलावरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते, त्याचं प्रमाण) मात्र बघा. कमी असेल तर तो सुधारणारे साधे कपॅसिटर बसवा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कर्ज 14 लाख, विमा 10 लाख, आणि तोही तुम्ही मोडायला निघालात! उद्या तुम्हाला काही झालं तर घर बँकेकडे जाऊ शकतं. घरावर कर्ज असलेल्या माणसाच्या गळ्यात 50 हजारांत 10 लाखांची पॉलिसी मारणाऱ्या एजंटाचा मला राग येतो. मुदत संपल्यावर परतावा साधारण 5 टक्के. आज मोडलीत तर भरलेल्या दीड लाखातले हमीचे जेमतेम 50 हजार हाती.

निर्व्यसनी असाल तर तुमच्या वयाला 1 कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) साधारण 20 ते 25 हजारांत मिळतो. अर्ज याच आठवड्यात करा. बीपी, साखर, तंबाखू काहीही लपवू नका, नाहीतर दावा अडकतो. तो विमा हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका. आल्यावर जुनी पेड-अप करा (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू), आणि वर्षाला वाचणारे 25 हजार कर्जाच्या मुद्दलात भरा. सोनं घरातच राहू द्या.

यंत्रवाल्याला एवढंच सांगा: तीन महिने फुकट बसव, महावितरणच्या मीटरवर जेवढी बचत दिसेल तेवढ्यातून पैसे घे.