८९ टक्के आणि कपाटाची किल्ली

पत्र थोडक्यात: मुलगी बारावी सायन्स, ८९ टक्के. नीटमध्ये गुण कमी पडले. 'अमेरिकेतली जंगलं आणि तिथली जुनी निसर्गचित्रं यांच्या नादात तिने वर्ष घालवलं. चित्रकलेने पोट भरत नाही हे तुम्ही समजावा, रिपीटला तयार करा. तिच्या वह्या मी कपाटात कुलूपबंद केल्या आहेत.' (एक वडील, सातारा)

साहेब, तुमच्या पत्रात मला गुण नाही खटकले, कुलूप खटकलं. चार पानांत 'आम्ही ठरवलंय' सहा वेळा आलंय, 'ती म्हणते' एकदाही नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या वह्या जप्त करायला तिने केलंय तरी काय? बरं झालं, पुरावा म्हणून तुम्ही एका पानाची झेरॉक्स जोडलीत. ते पान तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

त्यावर चित्रच नाही. पेन्सिलीने एकाखाली एक तारखा लिहिल्यात आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेला प्रश्न: 'यलोस्टोनचा कायदा १ मार्च १८७२ चा. मोरानचं मोठं चित्र पूर्ण झालं नंतर. मग ते चित्र बघून पार्क झालं असं सगळे का सांगतात?' (यलोस्टोन म्हणजे अमेरिकेतलं राष्ट्रीय उद्यान, मोरान म्हणजे त्याचं चित्र काढणारा चित्रकार.)

अहो, हा प्रश्न चित्रकाराचा नाही, इतिहासकाराचा आहे! आणि पोरगी बरोबर आहे. थॉमस मोरान १८७१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ हेडनच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला, सोबत फोटोग्राफर विल्यम हेन्री जॅक्सन. कायद्याच्या वेळी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांनी पाहिले ते मोरानचे छोटे जलरंग आणि जॅक्सनचे फोटो. सुमारे सात फूट बाय बारा फुटांचं तैलचित्र कायद्यानंतर पुरं झालं आणि काँग्रेसने ते १०,००० डॉलरला विकत घेतलं. तिला पुढचा धागाही द्या: त्या प्रवासासाठी मोरानला ५०० डॉलर उसने दिले जे कूकने, म्हणजे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेसाठी भांडवल उभं करणाऱ्या सावकाराने. रेल्वेला प्रवासी हवे होते. ज्याला तुम्ही 'चित्रांचा नाद' म्हणता, त्यात कायदा, पैसा, जमीन सगळं आलं.

आता तिचेही कान धरतो. समासात तिने योसेमिटी या कॅलिफोर्नियातल्या दरीपुढे 'निर्मनुष्य' लिहिलंय. ते खोडायला सांगा. त्या दरीत 'आवानीची' नावाचे आदिवासी लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावलं. १८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्सने तिथे मोठाल्या काचांवर फोटो घेतले, १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने दरी राखीव झाली. पुढे रानं राखण्यासाठी केलेल्या १९६४ च्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टने तर रानात माणूस हा मुक्काम न करणारा पाहुणा, अशी व्याख्याच केली. ज्यांचं घरच तिथे होतं, त्यांचं काय? हे विचारल्याशिवाय हा विषय शिकायचा तर त्यापेक्षा कॅलेंडरं जमवावीत.

वाटा सांगतो. नीट रिपीट: तिची इच्छा असेल तरच. वनसेवा: यूपीएससीतून, पदवीला ठरावीक विज्ञान विषयांपैकी एक, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंग लागतं, पण तिने ती मागितलेलीच नाही. फाइन आर्टही नको, तिला रंगवायचं नाहीये. तिने इतिहासात बी.ए. करावं, पुढे कलेतिहास. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. इंग्रजी वाचन मात्र आत्तापासून दणकून हवं. त्या काळचे ढीगभर फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघता येतात.

पैसा? डॉक्टरइतका नाही. संग्रहालयं, अभिलेखागारं, अध्यापन, सगळीकडे जागा मोजक्या आणि सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची. हे मी तिच्यापासून लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. तुमचं बजेट काय, किती वर्षं आधार देता येईल, ते तिला आकड्यांत सांगा. धमकीपेक्षा तो आकडा तिला जास्त उपयोगी पडेल.

किल्ली आजच द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही फक्त पाकिटावर तिकीट लावा.