बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी गोधडीची सहकारी संस्था काढायची आहे, नोंदणी कशी करावी?

नोंदणी सर्वांत शेवटी. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सज्ञान सभासद लागतात. सख्खी भावंडं असतील तर निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या.

आधी सांगा, दर शनिवारी मजुरी कुठून देणार? विश्वस्त मंडळींचं पालुपद ठरलेलं: मुलांना मालक करा, माल विकला की नफा वाटून घेतील. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला कॉटबेसिसचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे आगाऊ भरायचे असतात, आणि घरून मागवायची सोय नसते. ती गोधडी खपायची वाट बघत बसणार नाही, मॉलमध्ये कामाला लागेल. बरोबरच करेल.

दहा जणांना आठवड्याला २,५०० धरले तर २५,००० झाले. माल तयार व्हायला साडेतीन आठवडे आणि दुकानदाराकडून पैसे यायला ४५ दिवस, म्हणजे साधारण दहा आठवडे. अडीच लाख नुसत्या मजुरीत अडकले, कापड वेगळंच. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करा. मग लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी कायद्यात बसत नाही, करार नसेल तर १५ दिवस. 'विकलं की पैसे' या बोलीवर माल ठेवू नका. दिवाळीच्या प्रदर्शनात दया म्हणून घेतलेल्या मालावर वर्ष निघत नाही.

मोठ्या गोधडीने सुरुवात नको, हातशिलाईत ती फार दिवस अडकून पडते. दुपटी आणि अभ्रे करा. कोरं सुती कापड धुऊन-वाळवूनच बेता. न धुता तसंच जुन्या साडीला जोडलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि चुण्या पडतात. लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. थरांना आधी कच्चे टाके, मगच धावदोरा. नाहीतर आतला थर सरकतो.

बँकेचं काम बालगृह सोडण्याआधी उरका. अज्ञान खात्यावर पालक म्हणून अधीक्षकांची सही असेल तर अठरानंतर नव्याने केवायसी लागते. आधारवरचा पत्ताही बालगृहाचाच असतो. हे राहिलं की मजुरी खात्यात पडूनही काढता येत नाही.

अर्थात अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरची, मदत २१ वर्षांपर्यंत मिळू शकते, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,०००. ती मंजूर असेल तर थोडं कमी भांडवलही पुरेल. पण मंजुरी हातात येईपर्यंत ती हिशोबात धरू नका. वर्षभर मूळ संस्थेचं उत्पादन केंद्र म्हणून मजुरीवर चालवा, मग टिकलेल्यांनाच सहकारी संस्थेचे शेअर घ्यायला सांगा.